रहिवाशांच्या जागा, रहिवाशांची जमीन
डडली स्ट्रीटच्या वस्ती-पुनरुज्जीवनाची प्रस्तावना

डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह ही अमेरिकेतील बॉस्टन शहरात, रॉक्सबरी आणि उत्तर डॉर्चेस्टर या भागांच्या हद्दीवर काम करणारी धर्मादाय संस्था आहे. तिची स्थापना १९८४ सालची. मोडकळीला आलेल्या वस्त्या पुन्हा उभ्या करू पाहणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत, आणि समता, लोकसहभाग, रहिवाशांचे नेतृत्व हे शब्द त्यांतल्या बहुतेकींच्या उद्दिष्टांत पहिल्याच पानावर असतात. डडली स्ट्रीटवर हे शब्द दोन अगदी रुक्ष कागदांत उतरले. संचालक मंडळावर कोणाला किती जागा हे सांगणारी नियमावली हा पहिला, आणि जमीन कोणाच्या नावावर राहील हे सांगणारा भाडेकरार हा दुसरा. नगररचना, गृहनिर्माण आणि समाजकार्याचे अभ्यासक या छोट्याशा वस्तीकडे पुन्हा पुन्हा वळतात ते मुख्यतः या दोन कागदांमुळे.

ही वस्ती बॉस्टनच्या मुख्य व्यापारपेठेपासून दोन मैलांच्या आत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे प्रामुख्याने आयरिश, इटालियन आणि ज्यू कुटुंबे राहत होती. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि ज्या भागांत कर्ज देणे धोक्याचे ते लाल रंगात दाखवले. कृष्णवर्णीय रहिवासी असणे हे धोक्याचे एक कारण धरले जाई. पुढे गोरी कुटुंबे उपनगरांकडे निघाली. १९६८ मध्ये बॉस्टनच्या बँकांनी एकत्र येऊन कृष्णवर्णीय कुटुंबांना घरकर्ज देण्याची योजना आखली, पण कर्ज मिळेल ते नकाशावर आखलेल्या एका पट्ट्यातच. दलालांनी त्या पट्ट्यातल्या गोऱ्या मालकांना भीती घालून घरे स्वस्तात विकायला लावली आणि तीच घरे नव्या खरेदीदारांना चढ्या भावाने विकली. घरांची डागडुजी थांबली, बँकांनी हात आखडता घेतला आणि १९७०च्या दशकात इमारतींना आगी लागू लागल्या. काही आगी निष्काळजीपणाच्या होत्या, पण विम्याचे पैसे वसूल करण्यासाठी मालकांनीच लावलेल्याही बऱ्याच होत्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या भागात सुमारे १,३०० बखळ जागा पडून होत्या. शहराच्या इतर भागांतला बांधकामाचा राडारोडा, जुने फ्रिज, मोडक्या गाड्या आणि खाटकांकडचा सडका कचरा रात्री इथे आणून टाकला जाई. कचरा हाताळणारी बेकायदा केंद्रेही इथेच उभी राहिली होती.

या अवस्थेला कोणी ‘नैसर्गिक ऱ्हास’ म्हणत असेल तर ते खरे नाही. नकाशा, कर्ज, विमा आणि नगरपालिकेचे दुर्लक्ष या चारही गोष्टी माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून आल्या होत्या. ते निर्णय घेणाऱ्यांत वस्तीतले कोणीच नव्हते, हे वस्तीतल्या लोकांना पक्के ठाऊक होते.

पुनर्विकास या शब्दाबद्दलही त्यांचा अनुभव कडू होता. बॉस्टनमधली वेस्ट एंड ही मुख्यतः स्थलांतरित कामगारांची वस्ती १९५८ ते १९६० या काळात ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली सपाट करण्यात आली आणि सुमारे २,७०० कुटुंबे विस्थापित झाली. तिथे उंच, महागड्या इमारती उठल्या. रॉक्सबरीतूनही एक महामार्ग जायचा होता. त्यासाठी घरे पाडून झाल्यावर, लोकांच्या विरोधामुळे १९७०च्या सुमारास तो रद्द झाला आणि मागे मोकळा पट्टा तेवढा राहिला. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या मध्यावर शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने डडली परिसरासाठी कोट्यवधी डॉलरची हॉटेले आणि कचेऱ्यांची योजना मनात धरली आहे, अशी बातमी फुटली तेव्हा लोकांनी तिचा अर्थ एकच लावला: आता आपली पाळी.

याच सुमारास मेबल लुईस रायली फाउंडेशन या बॉस्टनच्या देणगीदार न्यासाचे विश्वस्त वस्तीत आले. ‘ला आलियान्सा इस्पाना’ या स्थानिक लॅटिनो संस्थेने गालिच्यासाठी मदत मागितली होती, ती पाहायला ते आले होते असे सांगतात. वस्तीत एक फेरी मारल्यावर गालिच्याचा विषय मागे पडला. एखाद्या संस्थेला थोडीफार देणगी देण्यापेक्षा सगळ्या वस्तीसाठी दीर्घकाळ पैसा लावावा, असे विश्वस्तांना वाटले. वस्तीत काम करणाऱ्या संस्थांची बैठक बसली, काही महिने चर्चा चालली, आराखडा ठरला आणि १९८५च्या आरंभी तो मंजुरीसाठी एका चर्चच्या सभागृहात रहिवाशांपुढे मांडला गेला.

सभा आयोजकांना वाटली होती तशी झाली नाही. नव्या संस्थेच्या नियोजित मंडळावर समाजसेवी संस्था, चर्च, व्यावसायिक आणि सरकार यांचे प्रतिनिधी भरपूर होते आणि साध्या रहिवाशांना मोजक्या जागा होत्या. व्यासपीठावर बसलेल्यांपैकी या वस्तीत राहते कोण, असा प्रश्न सभेतून आला. उत्तर अवघड होते, कारण तिथे बसलेले बहुतेक जण दिवसभर वस्तीसाठी राबत, पण संध्याकाळी दुसरीकडे घरी जात. यापूर्वीही अशा योजना पाहिल्या, मग पैसा आला आणि गेला, आमच्या हाती काय राहिले, असे सवाल झाले. देणगीदारांनी आणि संस्थांनी तिथे घेतलेली भूमिका या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट ठरली. त्यांनी आराखडा मागे घेतला, रहिवाशांसह नव्याने चर्चा केली आणि मंडळात रहिवाशांचे बहुमत असेल असे ठरवले. पैसा देणाऱ्याने निर्णयाचा हक्क सोडणे ही धर्मादाय जगातली दुर्मीळ घटना आहे. पुढच्या चार दशकांतल्या यशाचे श्रेय रहिवाशांच्या चिकाटीला दिले जाते आणि ते रास्तही आहे, पण रायलीच्या विश्वस्तांनी त्या दिवशी माघार घेतली नसती तर त्या चिकाटीला लावायला जागाच मिळाली नसती.

बहुमताचा प्रश्न सुटल्यावर त्याहून अवघड प्रश्न पुढे आला. रहिवासी म्हणजे कोण? वस्तीत चार मोठे समाज होते. अमेरिकेतच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिको आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक अशा ठिकाणांहून आलेले स्पॅनिशभाषक, केप व्हर्दीयन, आणि मागे राहिलेले थोडे गोरे. केप व्हर्दे हा पश्चिम आफ्रिकेजवळचा द्वीपसमूह, १९७५ पर्यंत पोर्तुगालची वसाहत. गोव्यात ज्यांची सत्ता होती तेच तिथेही राज्यकर्ते. देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर चढून तिथली माणसे एकोणिसाव्या शतकापासून न्यू इंग्लंडच्या बंदरांत येत राहिली. रंगाने ती कृष्णवर्णीयांत मोजली जात, भाषेने आणि आठवणींनी ती वेगळी होती. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर सर्वांत मोठ्या समाजाच्या हाती मंडळ गेले असते आणि बाकीचे कायम अल्पमतात बसले असते. म्हणून नियम असा ठरला की चारही समाजांना, त्यांची संख्या कितीही असो, सारख्याच जागा. आज त्या प्रत्येकी चार आहेत. उरलेल्या जागा तरुण, समाजसेवी संस्था, धार्मिक संस्था, स्थानिक व्यावसायिक आणि गृहबांधणी संस्था यांच्यात वाटलेल्या आहेत, आणि मंडळाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते.

हे गणित वरवर पाहता अन्यायाचे वाटते. ज्यांची संख्या दहा घरांत एक, त्यांना आणि ज्यांची संख्या निम्मी, त्यांना सारखी मते का? प्रातिनिधिक लोकशाहीच्या चौकटीत या आक्षेपाला उत्तर नाही. पण डडली स्ट्रीटवर प्रश्न राज्य चालवण्याचा नव्हता, एकमेकांवर विश्वास नसलेल्या शेजाऱ्यांनी एका टेबलाशी बसण्याचा होता. कोणताही एक समाज, आणि कोणतेही दोन समाज मिळूनसुद्धा, बाकीच्यांना बाजूला सारू शकणार नाहीत अशी ती रचना होती. गोऱ्यांना सारख्या जागा देणे काहींना खटकले. ज्यांच्या निघून जाण्याने वस्ती खचली त्यांच्याच माणसांना मान का द्यावा, हा सल समजण्यासारखा आहे. परंतु जे गेले नाहीत ते राहिलेलेच होते, आणि संस्थेने राहण्याला महत्त्व दिले. महाराष्ट्रात पंचायतीच्या राखीव जागांचा हिशेब लोकसंख्येच्या टक्क्यांत करण्याची सवय असलेल्या वाचकाने हा दुसरा हिशेबही पारखून पाहावा. टक्केवारीने वाटा मिळतो, पण एकट्यादुकट्याचे म्हणणे ऐकले जाईलच याची हमी मिळत नाही.

सारख्या जागांना सारखी भाषा नसेल तर त्या नुसत्या शोभेच्या राहतात. म्हणून बैठकांत इंग्रजी, स्पॅनिश आणि केप व्हर्दीयन क्रेओल अशा तीन भाषांत दुभाष्यांची सोय करण्यात आली. कानाला यंत्र लावून बसणारा शेजारी ऐकेपर्यंत बोलणाऱ्याने थांबायचे, अशी शिस्त बैठकांना लागली. बैठका त्यामुळे लांबतात. संस्थेने तो वेळ खर्चात धरला आहे. मतदानाचा हक्क वस्तीत राहण्यावर ठरतो, त्यामुळे शहराच्या निवडणुकीत मत नसलेला स्थलांतरितही इथे उमेदवार निवडतो. तरुणांच्या जागांचेही असेच. केप व्हर्दीयन कुटुंबात वाढलेला जॉन बॅरोस वयाच्या सतराव्या वर्षी मंडळावर निवडून आला, पुढे संस्थेचा कार्यकारी संचालक झाला, २०१३ मध्ये बॉस्टनच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि हरल्यावर नव्या महापौरांच्या कारभारात शहराच्या आर्थिक विकासाचा प्रमुख झाला. मुलांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणून कौतुकाने समोर बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे; त्यांना आजच मत देण्याची क्वचित.

पहिले काम कचऱ्याचे निघाले. ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ अशी मोहीम १९८६ मध्ये सुरू झाली. घरे, शाळा, रोजगार असे मोठे प्रश्न समोर असताना कचरा का, याचे कारण व्यवहारी होते. दुर्गंधी चारही समाजांच्या नाकाला सारखीच येत होती, दोषी कोण हे दिसत होते, आणि एका उन्हाळ्यात काही तरी निकाल लागणे शक्य होते. रहिवाशांनी बखळी साफ केल्या, नगरपालिकेच्या दारात तक्रारी नेल्या, महापौर रे फ्लिन यांना वस्तीत आणले. बेकायदा केंद्रांना टाळे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रॉक्सबरी आणि लगतचे भाग बॉस्टनपासून तोडून ‘मंडेला’ नावाचे स्वतंत्र शहर करावे का, यावर मतदान झाले. तो प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला, पण शहराच्या कारभाऱ्यांना या भागाची नाराजी किती खोल आहे ते कळले. डडली स्ट्रीटला पुढे जे मिळाले त्यामागे या भीतीचाही थोडा वाटा असावा.

१९८७ मध्ये रहिवाशांनी स्वतःचे नियोजनकार नेमून विकास आराखडा तयार करून घेतला. ‘नागरी खेडे’ अशी त्याची कल्पना होती. परवडणारी घरे, चौक, बाग, दुकाने, बालवाड्या, आणि आहेत ते लोक आहेत तिथेच. शहराने तो आराखडा स्वीकारला. अडचण जमिनीची होती. बखळ जागांपैकी काही शहराच्या ताब्यात, काही खाजगी मालकांच्या, आणि त्यांतले कित्येक मालक बेपत्ता, कर थकवलेले किंवा भाव वाढायची वाट पाहत बसलेले. एकेका तुकड्यामागे धावत बसले असते तर सलग काही बांधणे शक्यच झाले नसते.

यावर निघालेला तोडगा आजही वाचणाऱ्याला थबकवतो. रहिवाशांनी सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार स्वतःसाठी मागितला. ज्या हत्याराने वेस्ट एंड उद्ध्वस्त केली तेच हत्यार. मंडळात आणि घराघरांत यावर वाद झाले, वृद्ध घरमालक धास्तावले, वकिलांनी एका जुन्या राज्य कायद्यातली वाट शोधली. संस्थेने स्वतःला बंधन घालून घेतले की ‘डडली त्रिकोण’ म्हणून आखलेल्या सुमारे ६० एकरांच्या भागातल्या फक्त मोकळ्या जमिनी घेतल्या जातील, राहते घर एकही नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये बॉस्टनच्या पुनर्विकास प्राधिकरणाने हा अधिकार दिला. वस्तीतल्या लोकसंघटनेला असा अधिकार मिळण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. जमिनी विकत घ्यायला फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलरचे कर्ज दिले. ते कर्ज प्रत्यक्ष हाती यायला १९९२ उजाडले. प्रत्यक्ष घरे त्यानंतर उठू लागली. आठ-नऊ वर्षे बैठका घेणाऱ्यांना विटेवर वीट पाहायला मिळाली नव्हती, ही गोष्ट यशाच्या कहाण्यांत सहसा एका वाक्यात उरकली जाते.

घेतलेली जमीन ठेवण्यासाठी ‘डडली नेबर्स’ हा वेगळा न्यास काढण्यात आला. तो कम्युनिटी लँड ट्रस्ट या प्रकारातला आहे. त्याची रचना समजायला सोपी, अमलात आणायला किचकट. जमीन कायम न्यासाच्या मालकीची राहते आणि तिच्यावरचे घर कुटुंबाच्या मालकीचे होते. जमिनीचा भाडेपट्टा ९९ वर्षांचा असतो, तो वारसांकडे जातो आणि त्याचे नूतनीकरण होते. जमिनीची किंमत वगळल्यामुळे घर स्वस्त पडते. मालक हवे तेव्हा घर विकू शकतो, पण किंमत ठरलेल्या सूत्राप्रमाणे. बाजार कितीही चढला तरी त्याच्या पलीकडे नाही. घेणारेही ठरावीक उत्पन्नमर्यादेतले हवेत. एकदा दिलेले अनुदान पहिल्याच खरेदीदाराच्या खिशात जाऊन संपत नाही, ते घराबरोबर पुढच्या कुटुंबाकडे जाते. न्यासाच्या जमिनीवर मालकीची, सहकारी आणि भाड्याची अशी सव्वादोनशेच्या वर घरे उभी आहेत. त्यांखेरीज बागा आहेत, शेतीचे तुकडे आहेत, आणि पूर्वी गॅरेज असलेल्या जागेवर एक मोठे हरितगृहही आहे. बांधकाम मात्र संस्था स्वतः करत नाही, ते स्थानिक गृहबांधणी संस्थांकडे असते. बांधणारा आणि जाब विचारणारा एकच असू नये, हे त्यामागचे धोरण.

या प्रकारच्या न्यासाची मुळे महाराष्ट्राच्या वाचकाला ओळखीची वाटतील. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला विनोबा भावे यांना पहिले भूदान मिळाले, आणि पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने सारे गावच दान केले. ग्रामदानात मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो आणि काही हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो. राल्फ बोर्सोडी हे अमेरिकन विचारवंत भारतात राहून ही चळवळ पाहून गेले होते. त्यांच्यासह काम करणारे रॉबर्ट स्वान आणि जॉर्जिया राज्यातले नागरी हक्कांचे कार्यकर्ते स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड यांच्या प्रयत्नांतून १९६९ मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था निघाली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून मळ्यांतून हुसकलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी तिने सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. इस्रायलमधल्या सार्वजनिक जमिनीच्या भाडेपट्ट्यांचाही तिच्या संस्थापकांनी अभ्यास केला होता. दुष्काळ आणि सरकारी कर्जखात्याचा पक्षपात यांमुळे ‘न्यू कम्युनिटीज’ची जमीन १९८५ मध्ये गेली. कल्पना मात्र उत्तरेकडच्या शहरांत पोचली होती.

महाराष्ट्रात १९६४ पासून ग्रामदानाचा कायदा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये त्याच्या आधारे गावाची शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. दोन्ही ठिकाणांची तुलना उद्बोधक आहे. मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात, एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. लोक बहुतांश एका गोंड समाजाचे, एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे. डडली स्ट्रीटवर ती ओळख नव्हती, म्हणून तिथे सहमतीचे काम जागांच्या वाटपाला करावे लागले.

या प्रयोगावरचे आक्षेप हलके नाहीत. सर्वांत बोचरा आक्षेप संपत्तीचा. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात महानगरातल्या गोऱ्या कुटुंबांची मध्यक निव्वळ मालमत्ता २,४७,५०० डॉलर आणि स्थलांतरित नसलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ८ डॉलर आढळली. अमेरिकेत मध्यमवर्गाने संपत्ती कमावली ती मुख्यतः घराच्या चढत्या किमतीतून. ज्यांना ती शिडी पूर्वी नाकारली, त्यांनाच आता नफ्यावर मर्यादा का, हा प्रश्न न्यासाच्या सभांतही विचारला जातो. समर्थक सांगतात की बाजारातले घर या कुटुंबांना मुळात परवडलेच नसते, आणि घरात आहे ते टिकणे ही सुद्धा कमाई आहे. याला आधार मिळाला तो गृहकर्जांच्या अरिष्टात. देशभरच्या पाहणीत २०१० अखेर अशा न्यासांतील घरमालकांवर जप्तीची वेळ येण्याचे प्रमाण बाजारातल्या कर्जदारांपेक्षा सुमारे दहापट कमी दिसले. तरीही दोन्ही बाजू एकाच तराजूत तोलता येत नाहीत. सुरक्षितता आणि वाढ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरिबांनीच दर वेळी पहिली निवडावी अशी अपेक्षा करणे अवघडच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. मंडळ रहिवाशांचे असले तरी पगार, कार्यक्रम आणि कार्यालय बाहेरच्या देणग्यांवर चालते, आणि देणगीदारांच्या आवडी बदलतात. एखादे दशक घरांचे असते, पुढचे शाळांचे. तिसरा आक्षेप, न्यासाची जमीन वस्तीच्या मानाने थोडी आहे. तिच्याबाहेर घरभाडी चढतच आहेत, आणि वस्ती राहण्याजोगी केल्यामुळेच ती महाग झाली, ही विसंगती संस्थेला टाळता आलेली नाही.

रहिवाशांचा आवाज शहराने किती मानावा हा प्रश्न नावाच्या निमित्तानेही आला. वस्तीलगतच्या डडली चौकाला सतराव्या शतकातल्या वसाहतीचा गव्हर्नर टॉमस डडली याचे नाव होते, आणि त्या काळात गुलामगिरीला मान्यता देणारे कायदे झाले म्हणून ते बदलावे अशी मागणी झाली. नोव्हेंबर २०१९ मधल्या सल्लामसलतीच्या मतदानात शहरभरच्या मतदारांनी ती नाकारली, मात्र चौकाभोवतालच्या भागांतल्या मतदारांनी उचलून धरली. डिसेंबरात शहराने आसपासच्या लोकांचे मत ग्राह्य धरून चौकाला ‘न्युबियन स्क्वेअर’ हे नाव दिले. रस्ता आणि संस्था यांची नावे तशीच राहिली.

जमिनीच्या न्यासाचे हे रूप दरम्यान दूरवर गेले. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात बर्नी सँडर्स महापौर असताना १९८४ मध्ये असा न्यास निघाला आणि पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यासांपैकी एक झाला. प्वेर्तो रिकोच्या सान हुआन शहरात मार्तिन पेन्या कालव्याकाठच्या झोपडवस्त्यांनी २००४च्या कायद्याने आपली जमीन न्यासाकडे घेतली. बॉस्टनमध्ये चायनाटाउनसह इतर वस्त्यांत नवे न्यास निघाले आहेत आणि त्यांच्या संयुक्त मंचावर डडली स्ट्रीटची संस्थाही आहे. सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार या नव्या न्यासांपैकी कोणाकडे नाही. शहराकडून मिळणारी जमीन आणि बाजारात जमेल तेव्हा घेतलेली एकेक इमारत यांवर त्यांची वाटचाल चालू आहे.